गोडे तेल, कडू तेल आणि सुवासिक तेल



मराठी घरातील तेलांची वर्गवारी रसायनशास्त्राच्या ग्रंथातून आलेली नाही. फोडणीला चालते ते गोडे तेल. दिव्यात, गाडीच्या आसाला आणि जनावरांच्या खरजेवर चालते ते कडू तेल. आणि कुपीत जपून ठेवावे लागते ते सुवासिक तेल, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गोडे तेल जिभेला गोड लागत नाही, हे कोणीही सांगेल. ते पोटाला मानवते, एवढाच त्या विशेषणाचा अर्थ. ‘तेल’ हा शब्दही ‘तिळा’पासून झाला. एका बीजापासून निघणाऱ्या पदार्थाचे नाव पुढे सगळ्या जातीला मिळाले आणि मोहरीचे, नारळाचे, कडुनिंबाचे असे सर्वच ‘तेल’ झाले. घरगुती वर्गवारी वाटते तितकी भाबडी नाही. शास्त्राने केलेल्या विभागणीशी ती बऱ्याच अंशी जुळते.

या विषयाचा विचार अंधेरीत करण्यास विशेष कारण आहे. रेल्वेमार्गाच्या पूर्वेस चकाला येथे हिंदुस्थान लीव्हरचे संशोधन केंद्र १९६७ मध्ये सुरू झाले. मार्गाच्या पश्चिमेस, अंधेरी आणि विलेपार्ले यांच्या सीमेवरील इर्ला येथे खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्य कार्यालय आहे. एक देशातील अग्रगण्य साबण उत्पादकाची प्रयोगशाळा, दुसरी घाणी आणि चरखा यांची पाठराखी संस्था. दोहोंमध्ये काही किलोमीटरांचेच अंतर, परंतु विचारांचे अंतर फार मोठे. असे असूनही, झाडाखाली पडून कुजणाऱ्या कडू तेलबियांकडे या दोघांचेही लक्ष वळले. त्याची कथा पुढे येईलच. त्याआधी वनस्पती तेल का साठवते, हे पाहणे इष्ट ठरेल.

बीजाच्या पोटात एक अंकुर असतो. हिरवी पाने फुटून सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करण्याइतका तो मोठा होईपर्यंत त्याला शिदोरी लागते. ही शिदोरी काही झाडे पिष्टाच्या रूपाने देतात, जसे ज्वारी, तांदूळ. तर काही स्निग्ध पदार्थाच्या रूपाने. एक ग्रॅम पिष्टातून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर तितक्याच तेलातून सुमारे ९. लहानशा, हलक्या बीजात मोठी शक्ती भरावयाची असेल तर तेलाइतके सोयीचे दुसरे साधन नाही. सुवासिक तेलांची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे. ती पानांत, फुलांत, सालीत, मुळांत असतात आणि शिदोरी म्हणून नव्हे, तर बहुधा कीटकांना बोलावण्यासाठी किंवा हाकलण्यासाठी तयार होतात.

हा भेद वर्गात दाखवणे अतिशय सोपे आहे. साध्या कागदावर शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब आणि निलगिरीच्या तेलाचा एक थेंब टाकावा. पहिल्याचा पारदर्शक डाग दुसऱ्या दिवशीही तसाच दिसतो. दुसऱ्याचा डाग वासासह हवेत विरून जातो. म्हणून पहिल्या प्रकाराला स्थिर तेल आणि दुसऱ्याला बाष्पनशील तेल म्हणतात. दोहोंना एकच नाव पडले आहे खरे, परंतु त्यांचे रासायनिक नाते जवळजवळ नाही. स्थिर तेल म्हणजे ग्लिसरीनच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्ले. सुवासिक तेलांत ग्लिसरीनही नसते आणि मेदाम्लेही सहसा नसतात.

स्थिर तेलांचे स्वभाव मेदाम्लांवरून ठरतात. ही आम्ले हायड्रोजनने पूर्ण भरलेली, म्हणजे संपृक्त असतील, तर तेल थिजण्याकडे झुकते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसला थिजते; नागपूरच्या हिवाळ्यात ते बाटलीतून काढण्यासाठी उन्हात ठेवावे लागते, मुंबईत ती वेळ क्वचित येते. कोकमाच्या बियांतील मेद तर कोकणच्या उन्हाळ्यातही घट्टच राहतो. बिया उकळून वर आलेला हा मेद मुठीत दाबून त्याचे गोळे करतात, म्हणून त्याला मुठेल म्हणतात. भेगाळलेल्या टाचांवर मुठेल लावणाऱ्या कोकणातील आजीबाईंना, तोच पदार्थ परदेशी चॉकलेटात कोको-मेदाच्या जोडीला घालता येतो हे सांगितले तर मौज वाटेल.

याउलट आम्ले असंपृक्त असतील तर तेल पातळ राहते आणि हवेतील प्राणवायूशी संयोग पावण्याची ओढ त्याला असते. करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात लिनोलिक आम्लाचे प्रमाण ७० टक्क्यांच्याही वर जाते. जवसाच्या तेलात ही ओढ सर्वांत तीव्र. ते पातळ थरात पसरून ठेवले की काही दिवसांत त्याची सुकी, चिवट पापडी बनते. याच गुणामुळे रंग, खिडकीच्या काचांची लुकण आणि छपाईची शाई यांत जवसाने आपले स्थान मिळवले. क्रिकेटच्या बॅटीला तेल पाजतात तेही जवसाचेच. विदर्भात मात्र जवस ही आधी खाण्याची वस्तू, रंगाची नंतर. तेव्हा एकच बी एका जिल्ह्यात गोड्या तेलाचे आणि दुसऱ्या बाजारपेठेत औद्योगिक तेलाचे ठरते. वर्गवारी करताना हा सावधपणा हवा.

महाराष्ट्राचा तेलनकाशा एकेकाळी फार स्पष्ट होता. किनाऱ्याला खोबरेल, देशावर आणि खानदेशात भुईमूग व तीळ, सोलापूर-मराठवाड्यात करडई, विदर्भात जवस, सह्याद्रीच्या उतारावर खुरासणी, म्हणजे कारळे. आज त्या नकाशावर सोयाबीन पसरले आहे आणि किराणा दुकानातील फळीवर सूर्यफूल आणि आयातीत पामतेल. पहिला मोठा धक्का बसला तो वनस्पती तुपाचा. निकेलच्या सान्निध्यात तेलातून हायड्रोजन सोडला की पातळ तेल तुपासारखे थिजते. शिवडीच्या कारखान्यात १९३२ मध्ये याचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी पोहोचले. या प्रक्रियेत निर्माण होणारी ट्रान्स मेदाम्ले हृदयास घातक आहेत, हे कळण्यास मध्ये अर्धे शतक गेले. जानेवारी २०२२ पासून खाद्य तेले व मेद यांत त्यांचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असता कामा नये, असा नियम लागू झाला.

बियांतून तेल काढण्याच्या पद्धतींविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा वाद तेथूनच उगवतो. उखळ, लाट आणि बैल यांच्या घाण्यात पेंडीमध्ये १० ते १२ टक्के तेल मागे राहते. यांत्रिक एक्स्पेलरमध्ये ते ६ ते ८ टक्क्यांवर येते. हेक्झेन या द्रावकाने धुऊन काढल्यास एक टक्क्याहूनही कमी उरते. घाणी हरली ती या अंकगणितात. १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाल्यानंतर वर्ध्याच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी निरनिराळ्या प्रांतांतील घाण्यांचा अभ्यास केला आणि त्यांतून सुधारलेली ‘वर्धा घाणी’ पुढे आली. तिने अंतर कमी केले. पण मिटवले नाही. ताजे, न तापवलेले तेल मिळते हा घाणीचा लाभ खरा आहे आणि शहरांतून ‘लाकडी घाण्याचे तेल’ म्हणून त्याला आज पुन्हा अधिक दाम मिळू लागला आहे. त्यातला किती भाग जुन्या घाण्यांच्या गावांपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न वेगळा.

आता कडू तेलांकडे वळू. करंज, कडुनिंब, उंडी, कुसुंब, पिसा, मोह ही तेलबिया देणारी झाडे आहेत, पिके नव्हेत. कोणी त्यांना खत घालत नाही, पाणी देत नाही. (मोहाचे टोळीतेल आदिवासी घरांत खाल्लेही जाते, तेव्हा कडू-गोड्याची सीमा येथेही सरळ नाही.) उंडीच्या तेलावर कोकणातील दिवे जळत आणि होड्यांच्या लाकडाला तेच पाजले जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले आणि दिव्याचे काम गेले. कंदिलाच्या प्रकाशात या झाडांचे बाजारमूल्य कधी संपले, ते गावांच्या लक्षातही आले नसावे. झाडे राहिली, सावली राहिली, बिया मात्र पडून राहू लागल्या.

त्या बिया पुन्हा वर उचलल्या गेल्या त्या साबणामुळे. साबणाला स्निग्ध पदार्थ हवा आणि स्वातंत्र्योत्तर भारतात खाण्याच्या तेलाचीच चणचण होती. अमेरिकेतून पीएल-४८० करारान्वये सोयाबीन तेल येत होते. साबणासाठी प्राण्यांची चरबी आयात होत होती. परकीय चलन अपुरे होते. चरबीचा प्रश्न भावनेचाही होता. आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ च्या सुमारास चरबीविरहित, वनस्पती तेलाचा साबण ‘चावी’ या नावाने काढला, तो याच भावनेची दखल घेऊन. पुढे १९८३ मध्ये वनस्पती तुपातील गोचरबीच्या भेसळीवरून देशभर गदारोळ झाला, तेव्हा ती किती खोल आहे याचा प्रत्यय आला. एका बाजूने खोबरेल आणि भुईमुगाचे तेल साबणात घालवणे परवडत नाही, दुसऱ्या बाजूने चरबी नको. मग उरते काय? जंगलातील कडू बी.

परंतु कडू तेल सरळ साबणात जात नाही. कडुनिंबाचे तेल घ्या. त्याचा उग्र दर्प गंधकयुक्त संयुगांचा आहे आणि कडूपणा निंबिन, निंबिडिन अशा द्रव्यांचा. ही द्रव्ये सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९४२ मध्ये वेगळी केली. तेल मऊ असल्याने त्याचा साबणही मऊ. कठीण करावयाचे तर हायड्रोजन सोडावा लागतो आणि तेथे हेच गंधक निकेलला निष्प्रभ करते. करंजाचा रंग गडद. तांदळाच्या कोंड्याचे तेल तर आणखीच अवघड. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांत तांदूळ सडला की कोंड्यातील विकर जागे होऊन तेल फोडू लागतात. काही तासांतच आम्लता वाढते आणि कोंडा लगेच भाजून किंवा वाफवून ठेवला नाही तर त्यातील तेल खाण्याच्या कामाचे राहत नाही. अशा ‘किरकोळ’ म्हटल्या जाणाऱ्या तेलांना शुद्ध करून, रंग-वास काढून, कठीण करून साबणात आणण्याच्या कामात चकाल्याच्या केंद्राचा मोठा वाटा होता. शासनाने अशा साबणांना अबकारी करात सवलत देऊन या प्रयत्नास हातभार लावला. त्या केंद्राचे नाव सामान्य माणसाला ठाऊक आहे ते १९७५ मध्ये बाजारात आलेल्या, चेहरा उजळ करण्याचे आश्वासन देणाऱ्या मलमामुळे. तेलांच्या कामाची आठवण फारशी कोणी काढत नाही. लोकांच्या स्मरणशक्तीचे हे गणित विचित्रच म्हणावे लागेल.

इर्ल्याच्या बाजूने विचार निराळा होता. १९५६ च्या कायद्यान्वये एप्रिल १९५७ मध्ये आयोग अस्तित्वात आला. वैकुंठभाई मेहता हे त्याचे पहिले अध्यक्ष. अखाद्य तेल व साबण हा आयोगाच्या मान्य उद्योगांपैकी एक. बिया गावातच वेचाव्यात, गावातच पेराव्यात वा पेळाव्यात असे नव्हे, तर गावातच गाळाव्यात आणि साबणही तेथेच व्हावा, म्हणजे तेलाबरोबर मजुरीही गावात राहील, ही त्यामागील दृष्टी. साबण काळसर निघे, फेस कमी येई, वडी लवकर झिजे. गिऱ्हाईक शेवटी वडीकडे पाहते, तत्त्वाकडे नाही. ग्रामोद्योगी साबणाला शहरात टिकून राहणे जड गेले ते यामुळे.

दोन्ही प्रयत्नांचा पाया मात्र एकच होता आणि तो अंधेरीत नव्हता. ढोबळ मानाने ५० किलो पिकल्या निंबोळ्यांतून ५ किलो गर आणि त्यातून जेमतेम २ किलो तेल हाती लागते. या निंबोळ्या जमिनीवरून एकेक वेचाव्या लागतात. महाराष्ट्रात त्या गळतात जून-जुलैत, म्हणजे नेमक्या मृगाच्या पावसात आणि पेरणीच्या धांदलीत. मोहाची टोळीही त्याच सुमारास. बाई शेतात जाईल की झाडाखाली? आणि झाडाखाली गेलीच, तरी ओल्या निंबोळ्या पोत्यात भरून ठेवल्या की चार-आठ दिवसांत बुरशी चढते, तेल फुटते, रंग काळवंडतो. तेलातील मुक्त आम्लांचा साबण होतो हे खरे, परंतु ग्लिसरीन हातचे जाते आणि किडींना रोखणारे ॲझाडिरॅक्टिन नासते. व्यापारी पोत्यात हात घालून वास घेतो आणि भाव पाडतो. तो भाव पाडण्यात लबाडी किती आणि रसायनशास्त्र किती, हे वेचणारीला कळण्याचे साधन नसते. लाखो रुपयांच्या यंत्रांनी जो दोष पुढे महिनोन्‌महिने काढावा लागतो, तो अशा रीतीने झाडाखालच्या पहिल्या आठवड्यात शिरलेला असतो.

करंजाची गोष्ट त्या मानाने सोपी, कारण त्याच्या शेंगा पावसापूर्वी, उन्हाळ्यात हाती येतात. याच करंजाकडे आणि मोगली एरंडाकडे पुढे जैवइंधनाच्या आशेने पाहिले गेले. तेलावर इंजिन चालते यात नवल नव्हते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डीझेलचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले गेले. ते जैवडीझेलच्या बाबतीत गाठता आले नाही. पडीक जमिनीवर, पाण्यावाचून लावलेला मोगली एरंड पडीक जमिनीसारखाच फळला. साधा एरंड मात्र कोणत्याच वर्गात नीट बसत नाही आणि म्हणूनच तगून आहे. त्याच्या तेलात रिसिनोलिक आम्ल ८५ ते ९० टक्के असते. तसे दुसऱ्या कोणत्याही नेहमीच्या तेलात नाही. बाळाच्या पोटासाठी आजीने दिलेले तेच तेल पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांना वंगण म्हणून वापरले गेले.

सुवासिक तेलांविषयी एका उदाहरणावर भागवावे लागेल, पण ते उदाहरण आपल्या राज्याचे आहे. खानदेशच्या पश्चिम भागात, नंदुरबार-पिंपळनेरच्या बाजूस, डोंगरउतारांवर रोशा नावाचे गवत वाढते. पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी भट्ट्या लागत. लोखंडी कढईत गवत आणि पाणी, वर झाकण, झाकणातून निघालेली बांबूची नळी आणि ती ओढ्याच्या गार पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडलेली. वाफेबरोबर तेल येई आणि थंड होऊन पाण्यावर तरंगे. या रोशेल तेलातील मुख्य द्रव्य जेरॅनिऑल; गुलाबाच्या अत्तरातही तेच महत्त्वाचे. त्यामुळे मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे हे तेल तुर्कस्तानला जाई, तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई आणि युरोपच्या बाजारात ‘तुर्की जिरेनियम तेल’ म्हणून मिरवे. गवत भिल्लांच्या डोंगराचे, भट्टी खानदेशी, नाव तुर्की! मुंबईच्या उपनगरांत सुगंधाचा आधुनिक धंदाही जुना आहे. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या एस. एच. केळकर आणि कंपनीचा मुलुंड येथील कारखाना त्याची साक्ष देतो.

आजची स्थिती आकड्यांनी थोडक्यात सांगता येते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानाने काही वर्षे देशाला स्वयंपूर्णतेच्या जवळ नेले. ती अवस्था टिकली नाही. २०२३-२४ च्या तेलवर्षात सुमारे १६० लाख टन खाद्य तेल आयात झाले. देशाच्या गरजेचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. अशा देशात साबणाच्या कढईत जाणारे प्रत्येक टन कडू तेल खाण्याच्या तेलावरील ओढ तेवढी कमी करते. कडुनिंबाच्या तेलाला तर २०१५ पासून नवेच गिऱ्हाईक मिळाले आहे. देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला त्याचा लेप देणे बंधनकारक झाले, कारण त्यामुळे मातीत नत्र सावकाश सुटते. निंबोळी आता केवळ साबणवाल्याची राहिलेली नाही.

कायद्यानेही काही बदलले आहे. अनुसूचित क्षेत्रांतील गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा-पंचायतींकडे देणारा कायदा महाराष्ट्राने १९९७ मध्ये केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ती बाजू अधिक बळकट केली आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून वाट दाखवली. मोहाची टोळी, करंज, साल यांच्या बियांना किमान आधारभूत किंमत देण्याची केंद्रीय योजना २०१३-१४ पासून आहे. पण आधारभूत किंमत मिळते ती सुक्या, स्वच्छ मालाला. जून महिन्यात गावात सुके ठिकाण कोणते, हा प्रश्न तेथे येऊन अडतो.

ज्या गावांत शाळेचा पडवीवजा व्हरांडा किंवा समाजमंदिराची ओसरी आहे, तेथे उत्तर फारसे खर्चिक नाही. निंबोळ्या वेचल्या त्याच दिवशी पाण्यात चोळून त्यांचा गर काढावा, बिया धुवाव्यात, सावलीत पातळ थरात पसराव्यात, दिवसातून दोनदा हलवाव्यात आणि दाताखाली कडक लागेपर्यंत पोत्यात भरू नयेत; पोतेही प्लॅस्टिकचे नको, तागाचे असावे. मुंबईत मृगाचा पाऊस सामान्यतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि विदर्भात त्यानंतर काही दिवसांनी. त्या ओसरीवरील जुनी बाके आणि मोडकी कपाटे मे महिन्यातच हलवून ठेवावी लागतील.